सगळ्या मेंढ्या एकदम

“मागचा पाय घट्ट धरा, बायडाबाई,” डॉक्टरीण म्हणाली आणि मेंढीच्या शेपटीखाली लोंबणारा पांढरा दोरा बोटाला गुंडाळून तिनं तो सावकाश ओढला. दोऱ्याबरोबर स्पंजाचा बोळा बाहेर आला. तो बादलीत टाकून तिनं मेंढीच्या मांडीत सुई टोचली.

“सोडा.”

मी पाय सोडला. मेंढी अंग झाडून कळपात घुसली आणि माझी सून शालन दुसरी ओढत घेऊन आली.

ते स्पंज डॉक्टरणीनंच बसवले होते. पंधरवडाभर मेंढ्या शेपटीखाली दोरे घेऊन फिरत होत्या आणि त्या दोऱ्यांनी आमची चांगली करमणूक केली होती. शालन तर रोज काहीतरी बोलायची. “आत्ती, मेंढरांनी परकर नेसल्यात बगा, नाडी ऱ्हायली बाहीर.” तिच्या पोटाला तेव्हा जेमतेम गोलाई आली होती आणि तिला सारखं हसू यायचं.

माझा नवरा म्हाकू दगडावर हाताची घडी घालून बसला होता. हा सगळा प्रकार त्याला पटलेला नव्हता, पण नाहीही म्हणवत नव्हतं.

शेवटची मेंढी सोडून डॉक्टरीण हात धुवायला वाकली. “आता नीट ऐका. स्पंजात औषध होतं, त्यानं माज दाबून धरला होता. आता स्पंज काढलाय, सुईही दिलीय. परवा सकाळपासून सगळ्या मेंढ्या एकदम माजावर येतील. एकदम, बरं का. मेंढे किती आहेत?”

“एक हाय की,” म्हाकू म्हणाला.

“एक? मागच्या वेळी सांगितलं होतं ना, चार-पाच तरी लागतील.”

“आमचा सरदार बगितला न्हाय तुमी. गेली तीन वर्सं एकटाच समदा कळप बगतोय.”

“तो बघतो रोज एखादी-दुसरी. आता एका दिवसात सगळ्या समोर येतील.”

“येऊ द्या. त्याला काय नांगराला जुपायचंय?”

शालननं तोंडाला पदर लावला. डॉक्टरीणही हसली, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “बायडाबाई, मेंढे बघा कुठून तरी. माज एक-दीड दिवस टिकतो. ती वेळ गेली की पुन्हा मागे-पुढे होतील, आणि मग तुमचं काम व्हायचं नाही.”

माझं काम काय होतं, ते त्या डॉक्टरणीला माहीत होतं. दहिवडीच्या बाजारात मेंढ्यांना औषध पाजायला ती आली होती, तेव्हा मीच तिला गाठलं होतं. आम्ही माणदेशातले धनगर. दसरा झाला की मेंढरं घेऊन घाट उतरायचं, कोकणात जायचं आणि उन्हाळ्याच्या अखेरीला परत यायचं. घोडीवर लादलेल्या आमच्या फिरत्या बिऱ्हाडाला आम्ही वाडा म्हणतो. वाडा एकदा निघाला की कुणासाठी थांबत नाही. मेंढ्या एकेक करून वाटेत वितात, कोकरू उचलून घोडीच्या पाठीवर ठेवायचं आणि चालायचं. बाईचंही तसंच. कळा सुरू झाल्या की तिनं मागं राहायचं, झुडपाआड मोकळं व्हायचं आणि पोर पोटाशी धरून संध्याकाळपर्यंत वाडा गाठायचा.

शालन कार्तिकात मोकळी होणार होती. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, महिने मी चंद्रावर धरायची. पण हिशेब पक्का होता. कार्तिकात आमचा वाडा बरोबर घाटात असणार होता. तिला माहेरी धाडावं, तर तिचं माहेर म्हणजे दुसरा वाडा. तिची आई नव्हती, भाऊ आमच्याआधी निघायचे. मी तिच्याजवळ मागं राहते म्हटलं, तर म्हाकू म्हणाला, “मग भाकरी कोण थापणार? घोडी कोण लादणार? मी आन् सिदा दोघांनी मेंढरं हाकायची का चूल फुकायची?” सिदा माझा मुलगा. तो बापासमोर बोलत नसे.

तेव्हा डॉक्टरणीनं सांगितलं की औषधानं सगळ्या मेंढ्या एकदम गाभण राहू शकतात, मग एकदमच वितात. मी विचारलं, “आता दिलं तर कवा वितील?” ती म्हणाली, पाच महिन्यांनी, कार्तिकाच्या सुरुवातीला. मी तिथंच तिचे पाय धरायची राहिले. कळपभर ओली कोकरं असली तर कुठलाही धनगर वाडा हलवत नाही. दोन-चार कोकरं घोडीवर बसतात, पन्नास बसत नाहीत. कोकरं चालती होईपर्यंत थांबावंच लागतं. म्हाकूला मी कोकरांच्या बाजारभावाचं सांगितलं, एका उंचीची कोकरं चांगल्या भावानं जातात म्हणून. तेही खरंच होतं. शेवटी तो म्हणाला, “बरं. समद्या एकदम गाभण ऱ्हायल्या तर थांबू. न्हाय ऱ्हायल्या तर दसऱ्याला घोडी लादायची. मग रडायचं न्हाय.”

म्हणजे सगळं आता सरदारावर होतं.

ठरल्या दिवशी उजाडायला मेंढ्यांनी वाघर डोक्यावर घेतली. वाघर म्हणजे आमचं जाळीचं कुंपण. जिकडं सरदार जाईल तिकडं सगळा कळप. शेपट्या हलवत, एकमेकींना ढुशा देत त्या त्याला घेरून उभ्या राहिल्या. असं कुणीच कधी बघितलं नव्हतं. म्हाकू खूश झाला. “बग, बग,” मला म्हणाला, “राजाचं लगीन लागलंय.”

राजा न्याहारीपर्यंत चांगला वागला. ऊन चढलं तसा तो धापा टाकायला लागला. म्हाकूनं त्याला गूळ चारला, भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारली. सिदानं डोक्यावर पाणी ओतलं. सरदार उठला, दोन पावलं चालला आणि बाभळीखाली जाऊन बसला. चार-पाच मेंढ्या त्याच्या अंगावर वाकून उभ्या. त्यानं डोळे मिटून घेतले.

“मामा,” शालन हळूच म्हणाली, “नवरदेव झोपला.”

“गप बस,” म्हाकू तिच्यावर ओरडला. त्यानं सरदाराची शिंगं धरून ओढली. सरदारानं मान फिरवली.

अर्धा कळपसुद्धा झाला नव्हता. मी म्हाकूजवळ गेले. “अवं, आबाकडं चार मेंढे हायेत.”

त्यानं सरदाराची शिंगं पुन्हा धरली.

धुळाआबा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याचा वाडा ओढ्यापलीकडं होता, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. पण वीसेक वर्षं दोन्ही वाड्यांत बोलणं नव्हतं. परक्या कळपाचा मेंढा आम्ही घेत नाही. कोकरू कुणाच्या वळणावर गेलं हे बाजारात लोक बघतात. घेतलाच तर भावकीतला. आणि आमची भावकी म्हणजे आबा.

“मी मरंन, पर त्याच्या दारात जाणार न्हाय,” म्हाकू म्हणाला. “तुला तर जायाचा इचारबी याया नगं. तुझं काय केलं त्यानं, इसरलीस?”

विसरले नव्हते. म्हणूनच पाय उचलत नव्हता. पण शालन बाभळीला टेकून उभी होती, एक हात पोटाखाली धरून. ती आता हसत नव्हती. मी पदर डोक्यावर घेतला आणि ओढ्यात उतरले.

आबा पालाच्या सावलीत बसून लोकर कातत होता. चाती त्याच्या बोटांखाली गरगर फिरत होती. माझी जाऊ कोंडाबाई दळण घेऊन गावात गेली होती. म्हणजे मध्ये बोलायला कुणी बाई नाही. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. बोलणं चालू होतं तेव्हासुद्धा मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. बाजूला त्यांची पांढरी घोडी बांधलेली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, आबाकडं पाठ केली आणि तिच्या मानेवर हात ठेवला.

“घोडीबाई,” मी म्हणाले, “तुझ्या धन्याला सांग, म्हाकूच्या वाड्यावर समद्या मेंढ्या एकदम माजावर आल्यात. मेंढा एकच हाय.”

चातीचा आवाज थांबला. मग आबा म्हणाला, “घोडे, इचार तिला, सरदार मेला काय?”

“मेला न्हाय. बसलाय.”

“डाक्टर आली हुती न्हवं? तिनं सांगितलं न्हवतं?”

“सांगितलं हुतं. पर ऐकणारा तुझ्या धन्याचाच भाऊ.”

आबा खोकला. तो खोकला होता की हसू, मला पाठीमागून कळलं नाही. “मग त्या भावानं यावं. बायकू का धाडली?”

“धाडली न्हाय. माझी मी आलीया.”

“एवढी घाई कशाची? आज न्हाय तर पुढच्या माजाला मेंढा दाखवावा. मेंढरं कुटं पळून चाललीत?”

आता सांगणं भाग होतं. घोडीच्या आयाळीत बोटं घालून मी म्हणाले, “सुनंला दिस गेल्यात. कार्तिकात मोकळी हुईल. मेंढ्या एकदम इल्या तर आमचा वाडा थांबंल. न्हाय तर घाटात…”

घोडीनं कान हलवले.

आबानं चाती मांडीवर ठेवली. मग हलक्या आवाजात म्हणाला, “घोडे, तिला सांग. त्या साली मला कुणी सांगितलं असतं, तर मीबी थांबलो असतो.”

त्या साली मी शालनपेक्षा लहान होते. घाटाच्या तोंडाशी मला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, आणि पोर आडवं. दोन्ही भावांचा तेव्हा एकच वाडा होता आणि पुढं आबा चालायचा. मी म्हाकूला म्हणाले, पुढं जा, आबाला सांगा, आजच्या दिवस थांबू द्या, एखादी बाई मागं धाडू द्या. तो धावत पुढं गेला. मी करवंदीच्या जाळीला धरून वाट बघत राहिले. कुणी आलं नाही. घोडीच्या घंटेचा आवाज घाटात खाली खाली जात राहिला. पोर एकदाच रडलं. मुलगा होता. त्याला तिथंच मातीआड करून मी संध्याकाळी वाडा गाठला, तेव्हा म्हाकू म्हणाला, “मी सांगितलं, पर आबानं ऐकलं न्हाय.” त्या रागानं आम्ही आमची मेंढरं वेगळी काढली.

मी घोडीला म्हणाले, “मी ह्यांना धाडलं हुतं. थांबवा म्हणून सांगाया.”

“आला हुता,” आबा म्हणाला. “घाट उतरूस्तवर माझ्या बाजूनं चालला. आभाळाचं बोलला. पाऊस येतुया का काय म्हणाला. घोडी लंगडती म्हणाला. मला वाटलं, याला आज झालंय काय. पर दुसरं काय बोलला न्हाय. तू आलीस रिकामी, तवा मला कळलं.”

मी घोडीला सोडून त्याच्याकडं वळले. पदराचं भान राहिलं नाही. “मग इतकी वर्सं गप का बसला?”

आबानं मान खाली घातली आणि चातीवरचा धागा बोटानं चाचपला. “त्यो बायकूला एक सांगून बसला हुता. मी दुसरं सांगून भावाला कसा खोटा पाडू? तुला घर करायचं हुतं त्याच्याबरुबर.”

मी तिथंच मातीत बसले. वीस वर्षं मी ज्या माणसाला सकाळ-संध्याकाळ शिव्या घातल्या, तो समोर चाती घेऊन बसला होता. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं.

आबा उठला. त्यानं शीळ घातली आणि चारी मेंढे वाघरीतून काढले. “चल,” तो म्हणाला. घोडीला नाही, मला.

आम्ही ओढा ओलांडून आलो तेव्हा म्हाकू सरदाराजवळ उकिडवा बसला होता. भावाला बघून तो उभा राहिला. मेंढ्यांनी मात्र मेंढे हेरले आणि तिकडं धाव घेतली. धूळ उडाली.

आबा बाभळीखाली झोपलेल्या सरदाराकडं बघून म्हणाला, “म्हाकू, ह्याला पाणी पाज. म्हातारा दमलाय. आमच्या पोरांना करू दे काम.”

“म्हातारा न्हाय त्यो,” म्हाकू म्हणाला. वीस वर्षांनी भावाशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. शालनला पुन्हा हसू फुटलं.

आबाचे मेंढे दुसऱ्या दिवशीपर्यंत आमच्याकडं राहिले. त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी म्हाकूला विचारलं, “त्या साली घाटात आबाला काय सांगितलंसा?”

त्याचा हात ताटातच राहिला. चुलीतलं लाकूड फुटलं, मी ते पुढं सारलं, भाकरी उलटली. तेव्हा तो म्हणाला, “आभाळाचं सांगितलं.”

“आन् माझं?”

“जीभच उचलंना. थोरला भाऊ. त्याच्या म्होरं बायकूच्या कळा कशा सांगायच्या? आता सांगतो, ह्या वळणावर सांगतो, करत घाट सरला.” थोड्या वेळानं म्हणाला, “तू रिकामी आलीस, तवा मग खरं सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाय.”

भांडायचं मी ओढ्यातून येतानाच ठरवलं होतं. पण तो वीस वर्षांचा पोरगा, भावाच्या बाजूनं आभाळाबद्दल बोलत चाललेला, माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी भाकरी त्याच्या ताटात टाकली. “घोडीला मी सांगितलंय,” मी म्हणाले. “पुढचं भावाला तुमी सांगायचं.”

पावसाळा गेला. डॉक्टरीण येऊन मेंढ्यांची पोटं चाचपून गेली. “बऱ्याच राहिल्यात,” म्हणाली. सगळ्या नव्हत्या राहिल्या, पण पुरेशा होत्या. दसरा झाला आणि कार्तिक लागला तशा त्या व्यायला लागल्या. एक ओरडून उठली की दुसरी बसायची. चार दिवसांत वाघरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. शालन जड अंगानं बसल्या जागी कोकरांना आयांच्या सडाला लावायची. म्हाकू न बोलता गावात गेला आणि ओढ्यालगतच्या एका बागाईतदाराच्या रानात दीड महिना मेंढरं बसवायचं ठरवून आला. खताच्या बदल्यात चारा आणि धान्य. आमचा वाडा थांबला.

पण आबाच्या वाड्याला थांबायचं काहीच कारण नव्हतं. त्याच्या मेंढ्या नेहमीसारख्या मागे-पुढे होत्या, आणि आमच्यामुळं तो दसऱ्यानंतरही महिनाभर रेंगाळला होता. कोंडाबाई त्याच्याबरोबर जाणार, याची मला धास्ती होती. एवढ्या वर्षांत बाया मोकळ्या करायला तिचा हात बसला होता. माझा नव्हता. मी पुन्हा कधी बाळंत झालेल्या बाईजवळसुद्धा बसले नव्हते. सिदा झाला तो गावच्या सुइणीच्या हातावर, आणि ती सुईण आता हयात नव्हती.

एका सकाळी ओढ्यापलीकडं पाल उतरलं. घोडीवर सामान चढायला लागलं. त्याच सकाळी शालननं मला पावसाळ्यात बांधलेल्या झोपडीत बोलावून सांगितलं, “आत्ती, कंबर धरलीया.”

मी बाहेर आले. म्हाकू आधीच उभा होता, पलीकडं बघत.

“जावा,” मी म्हणाले.

तो गेला. मी झोपडीच्या दारातून बघत होते. तो ओढा ओलांडून पलीकडं चढला, आबाजवळ जाऊन उभा राहिला. ऐकू काही येत नव्हतं. आबा दोर आवळत होता, त्यानं वर बघितलं नाही. शालनला कार्तिकात दिवस भरणार हे आबाला माहीत होतं. तरीही त्यानं घोडी लादली होती, आणि दोर आवळायला त्याला फार वेळ लागत होता.

म्हाकूचा हात आधी आभाळाकडं गेला. आबानंही वर बघितलं.

मग तो हात खाली आला आणि आमच्या झोपडीकडं वळला. म्हाकू बोलत होता. मान खाली घालून, पण बोलत होता. आबानं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग घोडीच्या पोटाखाली हात घालून आवळलेला दोर सोडला आणि सामान एकेक करून खाली ठेवायला लागला. कोंडाबाई तर त्याआधीच लुगड्याचा काष्टा मारून ओढ्यात उतरली होती.

“पाणी ठेवलंस का?” तिनं लांबूनच विचारलं.

दुपार व्हायच्या आत शालन मोकळी झाली. मुलगी. आडवं नाही, पायाळू नाही, काही नाही. सरळ आली आणि असं रडली की वाघरीतली कोकरं ओरडायला लागली. कोंडाबाईनं तिला पुसून माझ्या हातात दिलं. “धर आजी,” म्हणाली. “आन् आता बस खाली. पडशील.”

मी कुडाला टेकून बसले. बाहेर म्हाकूचा आवाज आला, “आबा, नात झाली.” मग दोघं भाऊ मेंढ्यांचं बोलायला लागले. एका मेंढीला दूध कमी आहे, तिचं कोकरू कुणाला लावावं, असं काहीतरी. आबा म्हणत होता पांढरीला लाव, म्हाकू म्हणत होता ती लाथ मारते.

कोंडाबाईनं पोर माझ्या हातातून घेऊन शालनजवळ ठेवलं. मी जिथं बसले होते तिथंच आडवी झाले आणि दिवस मावळेपर्यंत झोपले. वाड्यावरच्या बाईला दिवसा झोपायला मिळत नाही. त्या दिवशी मला कुणी उठवलं नाही.